रस्त्यानं चूक पोटात घालावी!

येडशीजवळ महामार्गाच्या कडेला थोडा वेळ थांबा. पंजाबची पासिंग, राजस्थानची, कर्नाटकची, आणि मधूनच आपली धाराशिवची एमएच २५. राष्ट्रीय महामार्ग ५२ पंजाबातल्या संगरूरहून निघतो. धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, विजयपूर, हुबळी करत तो कर्नाटकच्या किनाऱ्यावर अंकोल्याला पोचतो. म्हणजे आपल्या गावाच्या फाट्यावरून जो ट्रक सुसाट जातो, त्याच्या चालकानं ते गाव आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेलं असू शकतं. पुढच्या उतारानंतर शाळेची पोरं रस्ता ओलांडतात, हे त्याला कोण सांगणार? रस्त्यानंच सांगायला हवं.

१९९७ साली स्वीडनच्या संसदेनं हाच विचार धोरण म्हणून स्वीकारला. नाव दिलं ‘व्हिजन झिरो’. माणूस दमतो, डुलकी घेतो, अंदाज चुकतो. हे बदलणार नाही. म्हणून रस्ता असा बांधायचा की चुकीची शिक्षा मृत्यू असू नये. आपल्याकडे याची गरज किती आहे, ते एका आकड्यात कळतं. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्ग जेमतेम दोन टक्के, पण मृत्यूंत त्यांचा वाटा ३६ टक्क्यांचा. ‘चालकाची चूक’ असा शेरा मारून कागद मिटवणं सोपं आहे. रस्त्याची चूक शोधायला कष्ट पडतात, पण बहुतेक जीव वाचतात ते तिथेच.

सम की विषम?

२०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. म्हणून जुना २११ आता ५२ झाला, आणि पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा करत हैदराबाद आणि पुढे मछलीपट्टणमला जाणारा जुना ९ आता ६५ आहे. तीन आकडी क्रमांक दिसला तर शेवटचे दोन आकडे पाहायचे. ते मूळ महामार्गाचे. तुळजापुरात सुरू होऊन औसा, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीला टेकणारा ३६१ हा ६१ ची शाखा. दिशा हरवलीच, तर फलकावरचा आकडासुद्धा वाट दाखवतो.

फलकांच्या आकारातही अर्थ आहे. त्रिकोण सावध करतो, लाल कड्याचं वर्तुळ मनाई करतं, निळा चौकोन माहिती देतो. ‘थांबा’ हा एकटाच अष्टकोनी. तो चिखलानं माखला, रंग उडाला किंवा मागच्या बाजूनं दिसला, तरी नुसत्या आकारावरून ओळखू यावा म्हणून.

रस्त्यांच्या नियमांमागचे बॅरिस्टर

वळण किती तीव्र असावं, पट्टा किती रुंद, फलक किती उंचीवर, हे सगळं ठरवते ती ‘इंडियन रोड्स काँग्रेस’. ही संस्था १९३४ साली उभी राहिली ती जयकर समितीच्या शिफारशीवरून. समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय सगळ्यांना ठाऊक आहे, पण देशातल्या प्रत्येक महामार्गाच्या आखणीच्या मुळाशी याच मराठी माणसाचा अहवाल आहे, हे फारच थोड्यांना माहीत असतं.

दोन हजार वर्षांची जड वाहतूक

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, तगर नावाचं शहर येतं. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं कापड गाड्यांमध्ये भरून, जिथं धड रस्ताही नाही अशा मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत जायचं. तगर म्हणजे आपलं तेर, गोरोबाकाकांचं गाव. या मातीवरून लादलेल्या गाड्या दोन हजार वर्षं चालत आल्या आहेत. आज त्याच तेरच्या शेजारी, ढोकीच्या रस्त्यावर, त्या उसाच्या असतात.

उसाची ट्रॉली आणि तीन सेकंद

गव्हाणीत मोळी पडली की जिल्ह्यातल्या रस्त्यांचं रूप पालटतं. ढोकीचा तेरणा असो की रांजणीचा नॅचरल शुगर, कारखान्याच्या वाटेवर रात्रभर ट्रॅक्टर चालू. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर आलेली उसाची टोकं, आणि मागचा दिवा असलाच तर वाढ्यांच्या आड झाकलेला.

आता हिशोब करून पाहा. मागून येणारी कार ताशी ८० किलोमीटरच्या वेगात, ट्रॅक्टर २० च्या. दोघांमधलं अंतर सेकंदाला जवळपास १७ मीटरनं कमी होतंय. डिपरच्या उजेडात अंधारातली वस्तू साधारण पन्नास मीटरवर नीट दिसते. म्हणजे हातात तीन सेकंद. रस्ता आखताना अभियंते गृहीत धरतात की धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत माणसाला अडीच सेकंद लागतात. उरला अर्धा सेकंद. एवढ्यात कोणतीही गाडी थांबत नाही, मग चालक कितीही सराईत असो.

त्याच ट्रॉलीच्या मागं लाल रेडियमची पट्टी असली, तर ती दोन-तीनशे मीटरवरूनच चमकते. तीन सेकंदांचे बारा ते अठरा सेकंद होतात. ही पट्टी स्वतः उजेड देत नाही. तिच्यातले बारीक मणी किंवा लोलक समोरच्या दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेनं परत पाठवतात, सरळ चालकाच्या डोळ्यांत. आरसा तसं करत नाही, तो प्रकाश भलतीकडेच फेकतो. नियमही सोपा आहे: पुढं पांढरी पट्टी, बाजूला पिवळी, मागं लाल. अंधारात रंग पाहून गाडी येतेय, जातेय की आडवी आहे हे कळतं.

माझ्या मते याची सगळ्यात योग्य जागा कारखान्याचा वजनकाटा. उसाची एकही गाडी काट्यावर आल्याशिवाय आत जात नाही. तिथंच पट्टी पाहावी, चिखल-पाचट पुसावं, नसेल तर लावून मगच काटा करावा. उसाचं वजन नोंदवणाऱ्या माणसाला हे पाहायला अर्धं मिनिटही लागणार नाही.

स्वतःला पुसून घेणारी काच

रस्त्यात बसवलेले चमकणारे खुंट, ज्यांना सगळे कॅट्स आय म्हणतात, त्यांचं पेटंट इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या पर्सी शॉ यानं १९३४ साली घेतलं. शोधाची करामत चमकण्यापेक्षा स्वच्छतेत होती. काच रबराच्या घरात बसवलेली. चाक वरून गेलं की काच खाली दबते आणि रबर तिच्यावरून फिरून तिला पुसून काढतं. घराच्या तळाशी पावसाचं पाणी साठतं, ते धुण्याच्या कामी येतं. म्हणजे जितकी वाहतूक जास्त, तितकी काच लख्ख. आता सौरऊर्जेवर लुकलुकणारे खुंटही आले आहेत, पण धुळीनं माखल्यावर त्यांच्याकडे ही सोय नाही. आपल्या उन्हाळ्यातल्या धुळीसाठी शॉचं डोकं आजही कामाचं आहे.

रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेतही काच असतेच. ही रेष साध्या रंगाची नसते. थर्मोप्लास्टिक जवळपास दोनशे अंश तापवून, पातळ करून ओततात आणि गरम असतानाच वरून काचेचे बारीक मणी भुरभुरतात. नव्या रेषेवर दुपारी बोट फिरवलं तर ती खरखरीत लागते, ते हेच मणी. चाकांनी ते झिजले की दिवसा पांढरीशुभ्र दिसणारी रेष रात्री गायब होते. म्हणून रेषेची तपासणी रात्री व्हायला हवी.

बत्तीस, नऊ आणि आठ

या सगळ्या माहितीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फाटा. धाराशिव जिल्ह्यात महामार्गावरचं आयुष्य फाट्यावरच चालतं. एसटी तिथं थांबते, चहाची टपरी तिथं, पेढ्याची दुकानं तिथं, आणि अपघातही तिथंच.

चार रस्ते एकमेकांना छेदतात तेव्हा गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडण्याच्या ३२ जागा तयार होतात. तीन रस्त्यांच्या तिठ्यावर त्या ९ असतात. चौकात नुसतं गोल बेट बांधलं की ३२ च्या ८ होतात, आणि ज्या उरतात त्याही तिरक्या, कमी वेगाच्या. समोरासमोरची किंवा काटकोनातली धडक जवळपास संपते. सिग्नल नाही, वीज नाही, कॅमेरा नाही, फक्त भूमिती. अर्थात हे गावातल्या किंवा राज्यमार्गावरच्या चौकाला लागू पडतं. चौपदरी महामार्गावर गोल बेट चालत नाही, तिथं एकच खरा उपाय: गावाची वाट खालून आणि महामार्ग वरून.

भूम-वाशीच्या पट्ट्यात पहाटेचं दृश्य पाहा. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेला माणूस खव्याच्या भट्टीकडे निघालेला. भट्टी महामार्गाच्या पलीकडे. बोगदा आहे, पण दूर. जायचं तर मोठा वळसा, पेट्रोल आणि वेळ दोन्ही खर्च. समोरच दुभाजकाचे दोन दगड कुणीतरी काढून वाट केलेली. तो तिथून ओलांडतो, आणि पुढे थोडं अंतर उलट्या बाजूनं जातो. भरलेल्या कॅनमुळे गाडी पटकन वळत नाही, पटकन थांबतही नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर गेलेल्या दर शंभर माणसांत चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. त्या आकड्यात अशी माणसं आहेत.

त्याला दंड करणं हा उपाय अपुरा आहे. ज्यांनी रस्ता आखला त्यांनी त्याच्या रोजच्या वाटेचा विचार करायला हवा होता. नळदुर्गच्या किल्ल्यात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घातला गेला. बांधणाऱ्यांनी नदी नुसती अडवली नाही, जादा पाण्याला नर आणि मादी अशा दोन वाटा काढून दिल्या. चारशे पावसाळे झाले, बांध उभा आहे. गावच्या येण्याजाण्याचंही तसंच. वाट दिली नाही तर माणसं दुभाजक फोडणारच.

शिवाय वाट दिली म्हणजे ती वापरण्याजोगी हवी. पावसाळ्यात गुडघाभर पाणी साठणारा बोगदा कागदावर असतो, गावासाठी नसतो. उंची अशी हवी की उसाची ट्रॉली आणि कडब्याची गाडी त्यातून जाईल. आणि दिवा हवा, कारण संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला अंधाऱ्या बोगद्यातून जायला सांगणं बरोबर नाही. ती वरूनच रस्ता ओलांडेल.

दहा जण जाईपर्यंत?

‘ब्लॅक स्पॉट’ हा शब्द बातम्यांत रोज येतो. त्याची सरकारी व्याख्या अशी: महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, जिथं तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा जणांचा मृत्यू झाला. यादीत नाव आलं की दुरुस्ती होते. यात मनाला टोचणारी गोष्ट ही की तोपर्यंत त्या फाट्यानं पुरेशी माणसं गमावलेली असतात.

इथं नवं तंत्रज्ञान खरंच कामाला येतं. नागपुरात २०२१ मध्ये ‘आय-रस्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसना पुढं कॅमेरे लावले. पुढच्या गाडीशी टक्कर होण्याचा धोका दिसला की यंत्र चालकाला इशारा देतं, आणि इशारा कुठं दिला हेही नोंदवतं. एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा इशारे येऊ लागले की ती जागा धोक्याची, मग तिथं अजून कुणी दगावलं नसलं तरी. अशा जागांना त्यांनी ‘ग्रे स्पॉट’ म्हटलं. तुळजापूर, कळंब, उमरगा या आगारांच्या एसटी बस रोज त्याच रस्त्यांवरून धावतात. त्यांतल्या मोजक्या बसना असे कॅमेरे लावले, तर जिल्ह्याचा ग्रे स्पॉटचा नकाशा आपोआप तयार होईल.

अपघात झाल्यावरची नोंदही आता बदलली आहे. ‘आयरॅड’ या प्रणालीत पोलीस घटनास्थळी मोबाईलवरच अक्षांश-रेखांशासह माहिती आणि फोटो भरतात. ती आयआयटी मद्रासनं घडवली, आणि सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पूर्वी नोंद असायची ‘अमुक फाट्याजवळ’. आता नेमका बिंदू मिळतो, आणि शंभर मीटरवरचं झाड, उतार की दिव्याचा अभाव, कारण शोधता येतं.

शंभरला एकशे ऐंशी

ताशी ५० च्या वेगाला ६० मीटर, ८० ला १२०, १०० ला १८०. समोरचा अडथळा दिसून गाडी थांबायला एवढी नजर लागते, असं आपलं महामार्गाचं मानक सांगतं. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आणखी बोलका: सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो.

वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते, हे गाडी चालवताना लक्षातही येत नाही. सपाट मुलखात ही उचल जास्तीत जास्त सात टक्के, म्हणजे रुंदीच्या दर मीटरला सात सेंटिमीटर. गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून ही सोय. पण ती ठरावीक वेगासाठीच मोजलेली असते.

तुळजापूरच्या घाटात डोंगर उतरताना काही ट्रकचालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. वाचतं थोडं, जातं फार. गिअरमध्ये असताना इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. जुन्या चालकांचा हा नियम आजही शंभर टक्के खरा आहे.

काळ्या मातीची खोड

उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग, पावसाळ्यात फुगून वर. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळून आक्रसते. तिच्यावर थेट रस्ता घातला तर डांबर लाटांसारखं खालीवर होतं. खळग्यात पाणी साठतं, वेगातलं चाक पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग हातातून जातं. उपाय जुनेच: माती काढून मुरूम भरणं किंवा मातीत चुना मिसळणं, आणि दोन्हींहून आधी पाण्याला गटार काढून देणं.

बांबूचा बाहुबली

२०२३ मध्ये विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटरचा कठडा बसवला गेला, तो चक्क बांबूचा. नाव ‘बाहू बल्ली’. बांबूवर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया, वरून पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचा थर. आधी इंदूरजवळच्या पिथमपूरच्या चाचणी केंद्रात त्यावर गाड्या धडकवून पाहिल्या आणि रुडकीत आगीची परीक्षा झाली. लोखंडी कठडा रातोरात भंगारात जातो, बांबूला तो धोका कमी. शेताच्या बांधावर बांबू लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनी याकडे लक्ष ठेवावं.

कठडा कशाचाही असो, त्याचं सुरुवातीचं टोक जमिनीत वाकवलेलं किंवा बाजूला वळवलेलं हवं. उघडं टोक समोरून आलेल्या कारमध्ये भाल्यासारखं घुसतं. पुढच्या प्रवासात टोकं पाहत चला, कुठलं बरोबर आणि कुठलं नाही ते लगेच कळेल.

द्रुतगतीचा धडा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’नं तिथं शून्य मृत्यूचं उद्दिष्ट ठेवून काम सुरू केलं. उघडी टोकं झाकली, उभ्या ट्रकवर लक्ष ठेवलं, पोलीस आणि रुग्णवाहिका यांची सांगड घातली. २०२० पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले. जुलै २०२४ पासून तिथं कमानींवरचे कॅमेरेही आहेत. ते दोन ठिकाणांमधला वेळ मोजून सरासरी वेग काढतात. कॅमेऱ्याजवळ हळू आणि पुढे सुसाट, ही युक्ती तिथं चालत नाही. यात अशी एकही गोष्ट नाही जी सोलापूर-तुळजापूर-येडशी पट्ट्यात करता येणार नाही.

पायी चालणाऱ्यांचा महामार्ग

कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर हा सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता माणसांचा होतो. महाराष्ट्र-कर्नाटकातून आलेले लाखो भाविक रात्रभर चालत आईच्या दर्शनाला जातात, आणि प्रशासन वाहतूक दुसऱ्या मार्गानं वळवतं. शेगावहून पंढरीला जाणारी गजानन महाराजांची पालखीही कळंब, तेर, धाराशिव, तुळजापूर अशीच येते. पण नवरात्रात आणि इतर पौर्णिमांना छोट्या-मोठ्या जथ्यांनी जाणारे ट्रकच्या कडेनंच चालतात, अनवाणी.

नमुना आपल्याच राज्यात आहे. ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसली, तेव्हाच त्याच्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी चालायची वेगळी वाट होती. भवानीच्या भक्तांसाठीही तीच वाट हवी: कठड्याच्या आत, सावलीला झाडं, मधूनमधून पाणी. मागणी रास्त आहे आणि ती ठामपणे करायला हवी.

फोन लावताना काय सांगाल?

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेला १०८, कुठल्याही संकटात ११२. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नं संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीची सक्ती नाही. ‘राहवीर’ योजनेत २०२५ पासून अशा माणसाला २५,००० रुपयांचं बक्षीसही आहे. त्याच वर्षी आलेल्या रोकडरहित उपचार योजनेत जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. मागंपुढं न पाहता थांबावं, इतका कायदा आता आपल्या बाजूनं आहे.

फोन उचलल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘नेमकं कुठं?’ तेव्हा कडेचा दगड पाहा. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्यमार्गाचा, आणि त्यावर किलोमीटरचा आकडा. दोन दगडांच्या मधे दर दोनशे मीटरला एक बुटका दगड असतो, त्यावर नुसतं २, ४, ६ किंवा ८ लिहिलेलं. मोठ्या दगडाचा आकडा आणि बुटक्याचा आकडा एवढंच सांगा. रुग्णवाहिकेला तुमच्यापर्यंत पोचायला तेवढं पुरतं.